स्टँडर्ड हेरल्ड पुन्हा रस्त्यावर आणताना : नवख्यांसाठी पायरीपायरीने

जुनी गाडी घ्यायची म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर फियाट नाहीतर अँबॅसेडर येते. दोन्ही चांगल्या गाड्या आहेत. त्यांचे सुटे भाग मिळतात आणि त्यांचे जाणकार मिस्त्री अजून हाताशी आहेत. पण काहींचं मन वेगळ्याच गाडीवर बसतं. स्टँडर्ड हेरल्ड ही तशी गाडी आहे. तिचं बॉनेट मडगार्ड आणि दिव्यांसकट अख्खंच्या अख्खं पुढे कलंडतं. मागून जॅक लावला की मागची चाकं खालून आत मुडपतात. आणि ती इतक्या लहान जागेत वळते की पहिल्यांदा चालवणारा दचकतोच. तिच्या वळणाचा घेर सुमारे २५ फूट आहे, म्हणजे लंडनच्या टॅक्सीइतका.

मी माझ्या हेरल्डवर तीन वर्षं काम केलं. त्यात जे कळलं ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहितोय. एक गोष्ट सगळ्यात आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हेरल्डमध्ये जे जे विचित्र वाटेल त्याला हात लावण्याआधी ते तसं का केलंय हे शोधा. या गाड्यांचं सगळ्यात जास्त नुकसान गंजाच्या खालोखाल 'सुधारणां'नी केलं आहे.

आधी गाडी समजून घ्या

१९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीपुढे पेच होता. तिला बॉडी पुरवणारा कारखाना प्रतिस्पर्धी कंपनीने विकत घेतला होता. तेव्हा नव्या पद्धतीच्या गाड्यांत चेसिस आणि बॉडी एकजीव असायची, पण तशी अख्खी बॉडी दाबून द्यायला कुणी तयार होईना. मग जुन्या वळणाची वेगळी चेसिस ठेवायची, बॉडीचे भाग निरनिराळ्या कारखान्यांत करून घ्यायचे आणि ते बोल्टने जोडायचे, असं ठरलं. रूप दिलं इटलीच्या तुरीनमधल्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी. एप्रिल १९५९ मध्ये गाडी बाजारात आली. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या तिच्या कार्यक्रमात मंचावर सुटे भाग आणून काही मिनिटांत गाडी जोडून दाखवली होती.

आपल्याकडे ती मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून काढली. इंजिन ९४८ सीसीचं. पुढे भारतात चार दारांची हेरल्ड निघाली. ती खास इथली, इंग्लंडमध्ये चार दारांची हेरल्ड कधी झालीच नाही. १९७२ मध्ये तिच्याच पायावर गॅझेल आली आणि तिच्यात मागचा अॅक्सल नेहमीसारखा सरळ झाला. गॅझेल घेत असाल तर खाली मागच्या स्प्रिंगबद्दल लिहिलेलं तुम्हाला लागू नाही. बाकीचं बहुतेक लागू पडेल.

नवख्याला यातून फायदा असा की हेरल्ड खोलता येते. बॉनेट, फायरवॉलची (इंजिन आणि सीटांमधल्या भिंतीची) पुढची बाजू आणि मागचा टप, म्हणजे बॉडीचा मागचा अख्खा भाग, हे वेगवेगळे होतात. दुसऱ्या एखाद्या गाडीत गॅस कटर लागेल तिथे इथे पाना पुरतो.

गाडी बघायला जाताना

दिवसा जा. आदल्या रात्री पाऊस पडला असेल तर उत्तमच, कारण फरशीवरचं पाणी कुठून शिरतं ते दिसतं. सोबत टॉर्च, जुनी चटई, जाड स्क्रू ड्रायव्हर आणि फडक्यात गुंडाळलेलं एक लहान लोहचुंबक घ्या.

वरचा रंग बघू नका, चटई टाकून खाली झोपा. चेसिसच्या मधल्या दोन दांड्यांपासून बॉडी पेलण्यासाठी आडवे हात निघालेले असतात. गंज आधी त्यांना खातो, विशेषतः टोकांना आणि डिकीखालच्या हातांना. स्क्रू ड्रायव्हरने टोचा. टणक आवाज आला तर ठीक, आत शिरला तर तो भाग नवा करायचा हे धरून चाला. कोकणातल्या गाडीत हे हात सहसा गेलेलेच असतात, आणि देशावरची गाडी कोरडी असेलच असंही नाही. मधल्या दांड्या शाबूत असतील तर हात गेलेले चालतील. डिफरन्शियलच्या (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीच्या) आसपास किंवा पुढच्या सस्पेन्शनच्या बुरुजांपाशी मुख्य दांडीच कुजली असेल तर पहिली गाडी म्हणून ती सोडा.

मग चुंबक फिरवा. दारांच्या खालच्या कडा, मागच्या चाकांच्या कमानी, बॉनेटच्या दिव्यांमागची बाजू. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे रंगाखाली भरायची पुट्टी आहे. थोडी लांबी प्रत्येक जुन्या गाडीत असते. बोटभर जाडीची असेल तर खाली पत्रा नाही असं समजा.

इंजिनाची एक तपासणी या गाडीत चुकवू नका. कुणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि तुम्ही समोर उभं राहून क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याची, पुढची पुली बघा. पुली पुढे-मागे सरकताना डोळ्यांना दिसली तर क्रँकला तसं सरकू न देणारे आतले थ्रस्ट वॉशर झिजलेत. ते अर्धचंद्राच्या आकाराचे दोन तुकडे असतात. फार झिजले की जागेवरून निसटून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये पडतात, आणि मग क्रँक ब्लॉकलाच खायला लागतो. पुली थोडी सरकत असेल तर वॉशर बदलून भागतं, खूप सरकत असेल तर इंजिन खोलणं आलं. गाडीच्या किमतीची बोलणी हे बघितल्यावर करा.

काय नाही ते मोजायलाही विसरू नका. इंजिनाचे भाग मिळतात किंवा करून घेता येतात. पण बॉनेटचे चाप, मीटरची काच, दारांची हँडलं, चार दारांच्या गाडीच्या मागच्या काचा आणि पट्ट्या एकदा गेल्या की वर्षानुवर्षं शोधत बसावं लागतं. धूळ खात पडलेली पण पूर्ण गाडी ही चकचकीत पण अर्धवट गाडीपेक्षा केव्हाही बरी.

कागदपत्रं

आरसी बुकातला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचा. पाटी गंजली असेल तर रॉकेलच्या फडक्याने पुसा, सँडपेपर लावू नका. नंबर जुळत नसतील तर 'आरटीओत बघून घेऊ' या शब्दावर पैसे देऊ नका.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी मोटार वाहन नियमांत वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या, खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकी गाड्या तिच्यात बसतात. नव्याने नोंद करायची तर फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. नूतनीकरणाला ५,००० रुपये. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. ही नोंदणी रोज ऑफिसला जाण्यासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यांसाठीच गाडी बाहेर काढता येते.

यातली महत्त्वाची अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. हेरल्डमध्ये दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवून देतो म्हणणारे अनेक भेटतील. कामाला लागण्याआधी ही अट त्यांना वाचून दाखवा.

खोलणं : इथे घाई करू नका

पहिला पाना लावण्याआधी फोटो काढा. प्रत्येक जोडाचा लांबून एक, जवळून एक आणि शेजारी पट्टी धरून एक. मग दारांच्या भोवतीच्या फटी मोजा, चारही कडांना, आणि वहीत लिहा. ही वही पुढे सोन्यासारखी उपयोगी पडते.

पहिलं बॉनेट. पुढच्या बाजूला दिव्यांच्या वायरी सुटतात, मग बिजागरीचे बोल्ट. वजन फार नसतं, पण आकार मोठा, म्हणून दोन माणसं हवीतच. ते निघालं की इंजिन आणि पुढची चाकं मोकळी समोर येतात. असं सुख फार कमी गाड्यांत मिळतं.

बॉडी चेसिसवर जिथे टेकते तिथे रबराचे तुकडे आणि लोखंडी पातळ चकत्या असतात. कुठे दोन, कुठे चार, कुठे एकही नाही. नवख्याला वाटतं की कुणी तरी कशाही ठोकल्यात. त्याच चकत्यांनी कारखान्यात दारं जुळवलेली असतात. प्रत्येक जागेच्या चकत्या वेगळ्या पिशवीत घाला आणि वर जागा लिहा : 'डावी, पुढून दुसरी'. मी पहिल्या दिवशी सगळ्या एका डब्यात टाकल्या होत्या. शेवटी उजवं मागचं दार बसवण्यात माझे सलग पाच रविवार गेले.

अडकलेला बोल्ट दिसला की जोर लावू नका. गंज सोडवणारं ऑइल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा सोडा. तरी नाही सुटला तर नटाला गॅसचा शेक द्या. मात्र त्याआधी पेट्रोलची टाकी गाडीतून काढून लांब नेऊन ठेवलेली हवी. आणि गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नका, चारही बाजूंना पक्के स्टँड लावा.

चेसिस आणि पत्रा

बॉडी उतरवली की चेसिस धुऊन रेतीचा फवारा मारून घ्या, म्हणजे खरा पत्रा कुठे आहे ते कळतं. गेलेले आडवे हात एकाच वेळी सगळे कापू नका. एक कापा, नवा जोडा, मोजा, मग पुढचा. चेसिस सपाट जागेवर पक्की टेकवून कर्णांची मापं घेत राहा. दोन कर्ण सारखे आले पाहिजेत. हाताची पोकळी आतून रंगवायची राहिली तर नवा पत्राही काही पावसाळ्यांत जातो. वेल्डिंगनंतर आत पातळ मेण किंवा ऑइल सोडा आणि पाणी निघायची भोकं उघडी ठेवा.

बॉडीचे दोन भाग सुटे असताना दारं काढून टप उचलला तर तो वाकतो. उचलण्याआधी दाराच्या उघड्या जागेत आडवा लोखंडी पाइप तात्पुरता टाचून घ्या.

डेंटर निवडताना त्याने आधी केलेली गाडी बघा, तीही रंगाआधीच्या अवस्थेत. लांबीचा डबा उघडण्याआधी जो तासभर पत्र्यावर हात फिरवतो, तो आपला माणूस.

पुढची चाकं : या गाडीचा जीव इथे आहे

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण माणसाला इजा होईल अशी चूक इथेच होते.

हेरल्डच्या पुढच्या चाकाला वर बॉल जॉइंट आहे. खाली मात्र पितळेसारख्या मिश्रधातूचा एक ठोकळा आहे, त्याला ट्रनियन म्हणतात. चाक पेलणारा उभा पोलादी दांडा या ठोकळ्यात आट्यांनी बसतो. तुम्ही स्टिअरिंग फिरवता तेव्हा तो दांडा त्या आट्यांत फिरतो. या आट्यांना वंगण म्हणून ऑइल लागतं, ग्रीस नव्हे. ईपी ९० गिअर ऑइल.

आपल्या गॅरेजात निपल दिसला की ग्रीस मारायची सवय आहे, आणि ती बहुतेक गाड्यांत बरोबरच आहे. इथे ग्रीस वरच्या आट्यांपर्यंत पोचत नाही, सुकतं आणि कडक होतं. वरून पाणी शिरतं, दांड्याच्या आट्या गंजतात, फिरताना पीळ बसतो आणि एक दिवस दांडा तुटतो. चाक आडवं पडतं. बहुधा हे हळू वेगात, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना होतं. माझं तसंच झालं. घराच्या फाटकातून मागे घेताना डावं चाक आडवं पडलं. आदल्याच वर्षी गाडीला मन लावून ग्रीस मारलं गेलं होतं. मिस्त्रीचा त्यात दोष नव्हता. त्याला सांगायचं काम माझं होतं आणि मला तेव्हा माहीत नव्हतं. तासाभरापूर्वी तीच गाडी घाट उतरून आली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून गाडी कुणाचीही असो, तिचा इतिहास काहीही सांगोत, दोन्ही बाजूंचे दांडे आणि ट्रनियन सोडवून बघा. रॉकेलने धुवा. आट्यांच्या मुळाशी गंजाचे खड्डे किंवा केसाएवढी चीर दिसली तर दांडा बाद. तो वेल्डिंग करून कधीही वापरू नका. नवा घेताना बाजू बघून घ्या : उजवीकडच्या आट्या उजव्या आणि डावीकडच्या डाव्या असतात. बसवताना पूर्ण आत फिरवा, मग चाक दोन्हीकडे पूर्ण वळेल इतकाच मागे घ्या.

ऑइल भरायला ग्रीसची एक वेगळी गन ठेवा, तिच्यात फक्त गिअर ऑइल घाला आणि वर रंगाने 'ऑइल' लिहा. वरच्या सीलमधून ताजं ऑइल पाझरेपर्यंत दाबा. मी पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीला एकदा भरतो. चाकाजवळ ऑइलचे डाग दिसले की लोक गळती समजून पुसायला सांगतात. ते डाग दिसलेले बरे.

हेच दांडे पुढे ट्रायम्फ स्पिटफायरला लागले, आणि लोटसनेही आपल्या हलक्या स्पोर्ट्‌स गाड्यांत ते वापरले. त्यामुळे इंग्लंडमध्ये हे भाग आजही नवे मिळतात.

मागची स्प्रिंग

मागे एकच पाट्यांची स्प्रिंग आडवी, डिफरन्शियलच्या डोक्यावर बसवलेली असते आणि दोन्ही चाकं तिच्या टोकांना. जॅकवरून उतरवल्यावर चाकं मुडपलेलीच राहतात. गाडी दहा-वीस फूट ढकलली की ती जागेवर येतात. हे न कळल्याने स्प्रिंग गेली म्हणून चांगली स्प्रिंग बदलणारे मी पाहिले आहेत.

स्प्रिंग काढताना तिच्यात मोठा ताण असतो. हे काम पहिल्या खेपेला एकट्याने करू नका. आणि गाडी चालवताना लक्षात ठेवा : वळणात वेगाने शिरून मध्येच अॅक्सिलरेटर सोडला तर मागचं चाक आत मुडपून गाडी घसरू शकते. वेग वळणाआधी कमी करा.

इंजिन

साधं, ओतीव लोखंडाचं, चार सिलिंडरचं इंजिन. बोअर ६३ मिलिमीटर, स्ट्रोक ७६. अडकलं असेल तर स्टार्टर मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल समप्रमाणात सोडा, आठवडाभर ठेवा, मग टॉप गिअर टाकून गाडी हळूच पुढे-मागे हलवा.

खोललंच तर ब्लॉकचा मागचा भाग नीट साफ करा. पाण्याच्या वाटेत चौथ्या सिलिंडरभोवती गाळ बसतो. पाणी सोडायचा नळ उघडला तरी थेंब येत नसेल तर तार घालून खरवडा. नवा रेडिएटर लावूनही तापणाऱ्या इंजिनात बऱ्याचदा हेच निघतं.

हेड उतरवलंय तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या करून घ्या. पूर्वी पेट्रोलमधलं शिसं या सीटचं रक्षण करायचं. भारतात २००० सालापासून शिशाचं पेट्रोल बंद आहे.

टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हच्या डोक्यावरची, फट थंड इंजिनावर ०.०१० इंच, म्हणजे ०.२५ मिलिमीटर. कुठला कधी लावायचा यासाठी नऊचा हिशोब लक्षात ठेवा. पहिला व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा आठवा लावा, दुसरा दाबलेला असेल तेव्हा सातवा. बेरीज नऊ. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचं अंतर ०.४ मिलिमीटर, प्लगचं ०.६.

बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग आणि बुश करून घेण्यासाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुना घेऊन जा. लेथवर हुबेहूब भाग करून देणारे कसबी हात तिथे आहेत. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, आणि गाडी मद्रासची असल्याने चेन्नईचं पुदुपेट्टै इथे जुन्या मालात शोधा. भाग नेहमी हातात नमुना धरून मागा, नावावरून मिळणार नाही.

पेट्रोल, ब्रेक, वायरिंग

आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबराला फुगवतं. पंपाचा पडदा, सगळ्या नळ्या आणि कार्बोरेटरची गॅस्केटं इथेनॉल सोसणारी घाला. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतं, तेव्हा ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. सिलिंडरांची रबरं आणि रबरी नळ्या 'चांगल्या दिसतायत' म्हणून ठेवू नका, सगळ्या बदला.

वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय ते बघा. त्या काळच्या इंग्रजी पद्धतीत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असायचं, आणि मधल्या काळात कुणी ते उलटं केलेलंही असू शकतं. उलटं-सुलटं करताना डायनॅमोचं ध्रुवीकरण पुन्हा करावं लागतं, तो अनुभवी वायरमन काही सेकंदांत करतो. वायरींचे रंग ल्युकस या इंग्रजी विद्युत-सामान कंपनीच्या पद्धतीचे असतात : तपकिरी बॅटरीकडून, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजनंतरची, काळी अर्थची, निळी हेडलाइटची. नवं वायरिंग करताना हेच रंग वापरा. पंधरा वर्षांनी दुसरा कुणी ही गाडी उघडेल तेव्हा त्याला सोपं जाईल.

रंग, सीट आणि क्रोम यांबद्दल थोडंच सांगतो. ते सगळ्यात शेवटी करा. मूळ रंगाचा नमुना डॅशबोर्डच्या मागे किंवा डिकीच्या रबराखाली सापडतो. क्रोमचे तुकडे प्लेटिंगला देताना मोजून, फोटो काढून द्या.

पहिली फेरी

प्लग काढून इंजिन फिरवा, ऑइलचा दाब आला की प्लग लावा आणि मग चालू करा. पहिली फेरी गल्लीतल्या गल्लीत, पहिल्या गिअरमध्ये, ब्रेक तपासत. परत येऊन चाकांचे नट आणि सस्पेन्शनचे बोल्ट पुन्हा आवळा. दुसरी फेरी पाच किलोमीटर. पुन्हा आवळा, ऑइल बघा, पाणी बघा. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर ऑइल बदला आणि टॅपेट पुन्हा लावा.

गाडीत एक डबा ठेवा : पॉइंट, कंडेन्सर, फॅनबेल्ट, फ्यूज, पाण्याची नळी, तार, दोन पाने. त्याच्या झाकणाच्या आत ट्रनियनला ऑइल शेवटचं कधी भरलं ती तारीख लिहा. पुढच्या वेळी गाडी दुसऱ्या गॅरेजात गेली तर झाकण उघडून ती ओळ मिस्त्रीला दाखवा आणि ऑइलची गन त्याच्या हातात द्या.